नऊ सप्टेंबरची न झालेली सभा

दि. २१ फेब्रुवारी २०२४

चि. भाचीस,

अनेक आशीर्वाद. मी ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, पण मी त्यांचे म्हणणे मनावर घेत नाही. तुझ्या आईच्या डोळ्याचे ऑपरेशन नीट झाले, असे जावईबापूंकडून समजले. बरे वाटले.

वाचनालयाच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी तू लिहिलेला १९७४च्या पुराचा लेख वाचला. भाषा स्वच्छ आहे. मजकूर मात्र चुकीचा आहे. 'चिटणिसांनी तातडीची सभा घेऊन, ठराव संमत करून, पूरग्रस्तांसाठी सभागृह खुले केले,' असे तू लिहिलेस. हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे आणि त्यातील एकही गोष्ट घडलेली नाही.

दोष तुझा नाही. तू इतिहासाची शिक्षिका. इतिवृत्ताची वही पाहिलीस आणि विश्वास ठेवलास. वही अस्सल आहे. तिच्यातले अक्षरही माझेच आहे.

आता आमची एक पद्धत सांगतो. खाडाखोड मला खपत नसे. म्हणून मी सभेचे इतिवृत्त सभेच्या आदल्या दिवशीच लिहून ठेवी. विषय ठरलेले, बोलणारे ठरलेले, बोलणेही ठरलेले. सूचक आणि अनुमोदक यांच्या नावांपुरती जागा मोकळी सोडायची आणि शेवटी 'ऐनवेळचे विषय' या मथळ्याखाली चार ओळी कोऱ्या ठेवायच्या. अध्यक्ष असलेले हेडमास्तर थट्टेने म्हणत, "चिटणीस, उद्या मी काय बोललो ते जरा आजच दाखवा." सगळे हसत. मीही हसे.

नऊ सप्टेंबरची सभा संध्याकाळी पाचची होती. दुपारीच नदी खालच्या आळीत शिरली. सभासद आपापल्या घरचे सामान माळ्यावर चढवत होते, त्यामुळे सभेला कोणी आले नाही. गणसंख्या सात. हजर एक.

तो एक कोण, हे लिहायला मी नवा परिच्छेद घेतला, हे तुझ्या लक्षात आले असेल. तो मी. सभागृहात होतो, टेबलाशी, उघड्या वहीपुढे, आणि दाराला आतून कडी होती.

साडेपाचला दार वाजू लागले. खालच्या आळीतली माणसे होती, भिजलेली, कडेवर पोरे घेतलेली. नियम असा होता की सभासदाखेरीज कोणालाही ठरावाशिवाय सभागृह द्यायचे नाही. तो नियम मीच लिहिला होता. मी दाराशी जाऊन आतूनच सांगितले, "सभा चालू आहे. ठराव होईपर्यंत थांबा." बाहेरून एक म्हातारी म्हणाली, "मग जरा घाई करा की हो. पाणी काय तुमच्या ठरावासाठी थांबतंय?" मी जागेवर येऊन बसलो. चाळीस मिनिटे बसलो. भीती वाटली म्हणून नव्हे. नियम मोडला, तर मग मी कोण, हे मला ठाऊक नव्हते.

तुझी आई तेव्हा वाचनालयात पुस्तके बांधायचे काम करी. ती मागच्या बाजूला, बांधणीच्या खोलीत होती. तिथला कागद-पुठ्ठ्यांचा ढीग बाकावर चढवून ती मधल्या दाराने सभागृहात आली. हात खळीने बरबटलेले. तिने मला पाहिले, रिकाम्या खुर्च्या पाहिल्या, दाराचा आवाज ऐकला. म्हणाली, "दादा, कोणाशी बोलत होतास?" मी वहीकडे बोट दाखवले. मग ती म्हणाली, "बरं. सभा संपली," आणि कडी काढली.

एकशे बारा माणसे नऊ दिवस तिथे राहिली. तिने पुस्तके वरच्या फळ्यांवर लावली, खालच्या फळ्यांवर तान्ही मुले झोपवली. बांधणीच्या जाड कागदावर तिने घरोघरची यादी केली: कोणाचे घर गेले, किती माणसे, कोणता धंदा. पुढे खालची आळी टेकडीवर वसवली गेली, ती त्याच यादीवरून. तू तुझ्या लेखात या यादीला 'वाचनालयाच्या कार्यकारिणीने केलेले सर्वेक्षण' म्हटले आहेस. कार्यकारिणी तेव्हा घरी होती.

आणि मी? पाणी ओसरल्यावर त्या चार कोऱ्या ओळी भरल्या. खाडाखोड एकही नाही. पुढच्या सभेत इतिवृत्त वाचले. न झालेल्या सभेला आपण हजर होतो हे ऐकून कोणीही चकार शब्द काढला नाही. उलट सगळ्यांचे हात वर गेले, कारण 'मी घरी होतो' असे म्हणण्यापेक्षा ते सोपे होते. तुझी आई बांधणीच्या खोलीच्या उंबऱ्यात उभी होती. म्हणाली, "दादा, कोण कोण होतं त्या सभेला, ते परत वाच की."

मी म्हणालो, "पगारी नोकरास सभेत बोलता येत नाही."

माझ्या सख्ख्या बहिणीला, भरसभेत. त्यानंतर आम्ही लग्नकार्यांत भेटलो, 'कसा आहेस', 'बरा आहे' एवढेच बोललो. तिने तुलाही काही सांगितले नाही, यात तिचा मोठेपणा आहे. मी पन्नास वर्षे त्या मोठेपणाचा फायदा घेतला.

आता पुढचे. सभागृहाला माझे नाव देण्याचा ठराव मी काल लेखी नाकारला आहे. पाटी रंगवणाऱ्यालाही स्वतः जाऊन थांबवले. स्मरणिका सोमवारी छापायला जाते. तुझ्या लेखाच्या जागी हे पत्र जसेच्या तसे छापावे. विद्यमान चिटणीस म्हणतात, "काका, जाऊ द्या हो, संस्थेची शोभा होईल." होऊ दे. त्यांनी नकार दिला, तर तीन एप्रिलच्या सभेत मी उभा राहून हे वाचीन. आणि त्या दिवशी गणसंख्या नक्की पूर्ण असेल. जिल्ह्याच्या इतिहासात तुझा लेख जाणार आहे. तिथे खोटे गेले, तर ते काढायला मी उरणार नाही.

हे पत्र आधी आईला वाचून दाखव. तिची क्षमा मी मागत नाही. ती पत्रातून मागायची गोष्ट नव्हे. त्यासाठी रविवारी येतो आहे. तिने दार उघडले नाही, तर बाहेर थांबेन.

तुझा मामा,
तेव्हाचा चिटणीस

सोबत: दुरुस्त तारखा

३ एप्रिल १९४९: वाचनालयाची स्थापना. (तू १ एप्रिल लिहिलेस.)

९ सप्टेंबर १९७४: सभा झाली नाही. सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी सभागृहाचे दार उघडले. उघडणारी: तुझी आई.

९ ते १७ सप्टेंबर १९७४: घरांची यादी. करणारी: तीच.

६ ऑक्टोबर १९७४: खोटे इतिवृत्त कायम झाले. सही माझी.

७ ऑक्टोबर १९७४: तुझ्या आईने नोकरी सोडली. तू 'विवाहामुळे' असे लिहिलेस. विवाह २ मे १९७५ रोजी झाला. कारण विवाह नव्हता. कारण मी होतो.