लाल चौकट

सोमवार, ४ मार्च
ताईनं आज जेवणाच्या सुट्टीत फोनवरच झाडलं. ती हॉस्पिटलात सिस्टर, तिथलं सॉफ्टवेअर आमच्या ऑफिसचं – म्हणजे शिव्या खायला घरचीच मी! म्हणे, प्रत्येक पेशंटच्या पानावर ती लाल चौकट येते, आत काही असो-नसो. "दिवसातून शंभरदा रिकामी चौकट बघून आता कुणी तिच्याकडे बघतच नाही गं. खरंच काही लिहिलेलं असेल तेव्हा?"

बरोबर आहे तिचं. त्या चौकटीत पेशंटला न चालणारी औषधं असतात. रिकामी असेल तर दिसायलाच नको.

मंगळवार, ५ मार्च
झालं! दिवस जाईल वाटलं होतं, तासाभरात उरकलं. चौकट म्हणजे नुसतं वेष्टन, बाहेरचा एक डबा. आत दोन गोष्टी – औषधांची यादी, आणि खाली सिस्टरनं स्वतः टाइप केलेली नोंद. आमचं सॉफ्टवेअर ज्या जुन्या जावा फ्रेमवर्कवर बांधलंय, त्यात सोय आहे. आतल्या एका घटकाकडे बोट दाखवायचं. तो दिसला तर वेष्टन दिसतं. तो लपला की वेष्टन आतल्या सगळ्या सामानासकट गायब. मी यादीकडे बोट दाखवलं. एका ओळीचं काम.

समोर बसणारी आमची टेस्टर, चष्मिस, म्हणाली, "यादी रिकामी आणि नोंद भरलेली असली तर?" म्हटलं, "औषधाचं नावच माहीत नसेल तर नोंदीत लिहिणार काय, कपाळ?" आवाज जरा चढलाच माझा. बिचारी आपल्या कामाला लागली.

बुधवार, ६ मार्च
सकाळी अकराला चालू केलं. ताईचा मेसेज – "पान कसं स्वच्छ दिसतंय! शहाणी आहेस." वर्षातून एकदा म्हणते. जपून ठेवते.

शुक्रवार, ८ मार्च
बाबांच्या हर्नियाचं ऑपरेशन मंगळवारी ठरलं. ते कुरकुरतायत, आई त्यांच्यावर कुरकुरतेय.

सोमवार, ११ मार्च
बाबा आज ताईच्याच वॉर्डात दाखल झाले. फॉर्म भरताना ताईनं विचारलं, कुठलं औषध चालत नाही? बाबांना वीस वर्षांपूर्वी एका इंजेक्शननं घसा सुजून श्वास कोंडला होता. कुठलं इंजेक्शन? बाबांना आठवेना, आईलाही नाही. कागद घर बदलताना गेले. ताईनं तसंच टाइप केलं.

शेजारच्या खाटेवर एक आजोबा आहेत, शिंपीकाम करायचे. लगेच म्हणाले, "मीही त्यातलाच! एका सुईनं तोंड भोपळ्याएवढं झालं होतं. नाव कुणाला आठवतंय? दुसऱ्या सिस्टरला सांगितलंय, तिनं लिहून घेतलं." बाबांच्या सदऱ्याची शिलाई बघून त्यांनी नाक मुरडलं. दोघांची छान जमली. त्यांच्याकडे भेटायला कुणी आलेलं दिसलं नाही.

घरी आल्यापासून काहीतरी टोचतंय. काय ते कळत नाही. ऑपरेशनचीच काळजी असेल.

मंगळवार, १२ मार्च
घडलं तसं लिहून काढते.

बाबांचं ऑपरेशन साडेदहाला. त्याआधी तासभर ऑफिसात गेले. वेळ बदलली नाही ना बघायला बाबांचं पान उघडलं. स्वच्छ पान. चौकट नाही!

यादी रिकामी, नोंद भरलेली. चष्मिस अगदी हेच म्हणाली होती! ताईला सात फोन केले. उचलेना. हॉस्पिटलपर्यंत धावत गेले, चप्पल तुटली तशीच.

बाबांना स्ट्रेचरवर घेतलं होतं. शेजारची खाट रिकामी, आजोबांना आधीच ऑपरेशनला नेलेलं. मी ओरडले, "थांबा! इंजेक्शन देऊ नका!" भूलतज्ज्ञ शांतपणे म्हणाले, "वाचलंय आम्ही." बाबांच्या मनगटावर निळ्या पेनानं ठळक लिहिलेलं – इंजेक्शननं घसा सुजतो, नाव माहीत नाही, विचारून द्या. ताईचं अक्षर! मागून ताई म्हणाली, "तुझ्या कॉम्प्युटरवर माझा एवढाही विश्वास नाही." मी तिथेच तिच्या गळ्यात पडून रडले.

ऑपरेशन नीट झालं. दुपारी ऑफिसात परतून वेष्टन दुरुस्त केलं – यादी किंवा नोंद, दोहोंपैकी काहीही असलं की चौकट दिसणार. या वेळी कोडमध्ये नीट अट लिहिली. चष्मिसची माफी मागितली. सुटलो आम्ही! देवा, सुटलो.

बुधवार, १३ मार्च
बाबा उठून बसले. पहिला प्रश्न – "शिंपीबुवा कुठायत?" ताईनं त्यांचा हात हातात घेतला, "काल इंजेक्शन दिल्यावर गेले ते, बाबा."

ऑफिसात येऊन आजोबांचं पान उघडलं. वर लाल चौकट, आत दोन ओळींची नोंद. आता दिसतेय. त्यांच्या मनगटावर लिहायला कुणी नव्हतं.