ड्रेसिंगच्या खोलीत वन्संचा आवाज

तीर्थस्वरूप वन्संच्या चरणी,

भावजयीचा डाव्या हाताने लिहिलेला साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी एक सध्या कोपरापर्यंत पट्ट्यांत आहे, तेव्हा सातांवर समाधान मानून घ्यावं.) तुमचे गुडघे कसे आहेत? वरच्या मजल्यावरच्या बाईंच्या कुंड्यांचं पाणी अजून तुमच्या वाळत घातलेल्या चादरींवर गळतं, की तुम्ही म्हणाला होतात तशा त्या कुंड्या एकदाच्या खाली आल्या? मला हे सगळं कसं ठाऊक, ते पुढे येईलच. चार वर्षांत आपण एकमेकींशी एक शब्द बोललेलो नाही, त्यामुळे पाकिटावर माझं नाव पाहून तुम्हाला धक्का बसला असणार, आणि तुमच्या रक्तदाबाला धक्का सोसत नाही. म्हणून आधी खुर्चीवर बसून घ्या, पाणी प्या, मग वाचा.

अपघाताची हकिकत तुमच्या बंधूंनी कळवली असेलच, पण त्यांच्या सांगण्यात मुख्य गोष्ट सोडून बाकी सगळं येतं, म्हणून मीच सांगते. शाळेच्या वाचनालयाची साठ पुस्तकं बांधायला आली होती. शेगडीवर सरसाचं भांडं उकळत होतं. एका हातात पुस्तक, दुसऱ्या हाताने भांडं उतरवायला गेले (हो, फडकं न घेता, कळलं), ते कलंडलं आणि उजव्या हातावर बोटांपासून कोपरापर्यंत सांडलं. सरस चिकटला की सुटू नये अशी आपली अपेक्षा असते. त्याने ती माझ्या कातडीवर इमानेइतबारे पूर्ण केली.

सहा आठवडे झाले. मांडीची कातडी काढून हातावर लावली आहे, आणि डॉक्टर रोज म्हणतात, "जखम छान आहे." (जखमेला छान म्हणणं त्यांनाच जमतं, कारण ती त्यांची नसते.) भानगड वेगळीच आहे. दिवसाआड ड्रेसिंग बदलतात आणि प्रत्येक वेळी बोटं एकेक करून सोडवून हलवावी लागतात. ती हलवली नाहीत तर नवी कातडी आक्रसते आणि हाताची कायमची मूठ होते. मुठीने दाभण धरता येत नाही, वन्सं. सव्वीस वर्षांचं माझं काम त्या पाच बोटांत आहे, आणि ती बोटं कुणी नुसती बघितली तरी मी किंचाळत होते.

आधी इंजेक्शन देतात, नाही असं नाही. पण त्याने दुखणं बोथट होतं, जात नाही, आणि जास्त दिलं तर माझा श्वास मंदावतो. म्हणून इथे औषधांच्या जोडीला बिनऔषधाचे उपाय करतात. त्यासाठी एक मानसोपचारवाल्या बाई नेमलेल्या आहेत. त्यांचा आवाज इतका मऊ, की ऐकू येण्यासाठी श्वास रोखून धरावा लागतो, आणि मग त्या सांगतात काय, तर श्वास मोकळा सोडा.

पहिला उपाय तोच. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. आता माझ्या डोक्यात आकडे बसलेत ते पानांच्या जुडीचे, सोळा सोळाच्या हिशेबाने. सिस्टरनी पट्टीला हात लावताच मी घाबरून मोजायला लागले ती थेट सोळापर्यंत गेले, श्वास आतच. श्वासावर लक्ष ठेवणारं यंत्र केकाटलं, तिघी धावत आल्या. मऊ बाईंनी वहीत लिहिलं, "सराव हवा."

दुसरा उपाय मनातल्या मनात सहलीला जाण्याचा. डोळे मिटा आणि जिथे तुम्हाला सगळ्यांत सुरक्षित वाटतं त्या जागी जा, म्हणाल्या. मी उत्साहाने गेले. कुठे जाणार? माझ्या कारखान्यात. दाबयंत्र पाहिलं, कापडाचे तागे पाहिले, नव्या पुठ्ठ्याचा वास घेतला, फार बरं वाटलं, आणि मग नजर शेगडीकडे गेली. मी अशी ओरडले की सिस्टर म्हणाल्या, "अहो, मी अजून हातमोजेच घालतेय!"

तिसरा उपाय चष्म्याचा. डोळ्यांवर डबडं बांधतात आणि आत पडद्यावर सगळीकडे बर्फच बर्फ. आपण बर्फाचे गोळे फेकायचे आणि समोरच्या पक्ष्यांना मारायचं. भाजलेल्या माणसाचं मन गारव्यात गुंतवून ठेवायचं, म्हणजे ते जखमेकडे कमी लक्ष देतं, अशी कल्पना. शेजारच्या खाटेवरच्या वेल्डरला हे भलतंच मानवलं. पूर्वी त्याच्या आरोळ्या जिन्यापर्यंत जायच्या, आता तो पाय सोलून घेता घेता पक्ष्यांना शिव्या देतो. खोटं कशाला बोलू, माझंही दुखणं दहापैकी आठावरून सहावर आलं. (इथे दुखण्याला रोज मार्क द्यावे लागतात.) पण एक गोळा मी डाव्या हाताने मनापासून फेकला, आणि चिमटे, कात्री, मिठाच्या पाण्याचं भांडं, सगळं डॉक्टरांच्या बुटांवर गेलं. तेव्हापासून चष्मा वेल्डरकडेच असतो.

उरलं संगीत. बायकोला कोणतं गाणं आवडतं ते विचारून घेऊन या, असं तुमच्या बंधूंना सांगण्यात आलं. त्यांनी विचारलं नाही. दोन दिवस विचार केला. तीस वर्षांच्या संसारानंतर माणूस असा विचार करतो, आणि शेवटी स्वतःला आवडणारी तीन तासांची बासरी फोनमध्ये भरून आणतो. सिस्टरनी माझ्या कानांवर हेडफोन चढवले, हातमोजा घातलेल्या बोटाने फोन दाबला आणि पट्टी भिजवायला वळल्या. बोट पडलं भलत्याच ठिकाणी. बासरीऐवजी तुम्ही सुरू झालात.

तुम्ही बंधूंना पाठवलेला तो सतरा मिनिटांचा निरोप होता. तुम्हाला आठवत नसेल, मला पाठ आहे. "तिला शंभरदा सांगितलं होतं विजेचं भांडं घे म्हणून, पण ऐकेल ती तुझी बायको कसली!" इथपासून सुरुवात. वन्सं, तळपायाची आग मस्तकात गेली. (हाताची आग विसरले, म्हणून लिहिते.) मी कधी तुमचं ऐकलं नाही? लग्नानंतर पहिली पाच वर्षं मी दुसरं केलं काय? मग तुम्ही माझ्या हट्टीपणावर आलात, तिथून माझ्या भाच्याच्या नोकरीवर, तिथून कुंड्यांवर, आणि मी प्रत्येक वाक्याला मनात सणसणीत उत्तर जुळवत होते. एक उत्तर पुरं होतंय तोवर तुमचं पुढचं वाक्य हजर. शेवटी आलीच ती सासूबाईंची पाककृतींची वही, जिच्यापायी आपलं बोलणं बंद झालं. मी ती नव्याने बांधली, कडा सरळ कापल्या, आणि समासात सासूबाईंनी पेन्सिलीने लिहिलेलं सगळं कचऱ्यात गेलं. मी चार वर्षं सगळ्यांना सांगत आले की कडांना वाळवी लागली होती. वाळवी नव्हती. मी घाईत होते, पानं उघडून पाहिली नाहीत आणि कटर ओढला. बांधणीवाल्याने करू नये अशी ती एकच चूक, आणि मी ती तुमच्या आईच्या वहीवर केली. हे मला त्या खोलीत, डोळे मिटून, तुमच्यावर दात ओठ खात असताना स्वतःशी कबूल करावं लागलं. म्हणून आणखीच राग आला.

निरोप संपला तशी मी हेडफोन ओढून सिस्टरना म्हटलं, "सुरू करा आता, होऊन जाऊ दे एकदाचं." त्या म्हणाल्या, "झालं की. नवी पट्टीसुद्धा बांधून झाली." पाचही बोटं हलवून झाली होती. दुखणं तीन. मऊ बाई धावत आल्या, कोणता राग होता म्हणून विचारायला. मी म्हटलं, नणंद. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

त्यानंतर बंधूंच्या फोनमधले तुमचे नऊच्या नऊ निरोप मी औषधासारखे घेतले. (फोन त्यांचा, कान माझे, चोरी दोघांची.) आता डॉक्टर आत येताना विचारतात, "आज वन्संच्या तडाख्यात कुणाचा नंबर?" वेल्डरनेही एकदा ऐकू द्या म्हणून अर्ज केला आहे. अंगठा आणि दोन बोटं वाकायला लागली आहेत. याचं श्रेय मी तुम्हाला द्यावं असं मऊ बाईंचं म्हणणं आहे. विचार करते आहे.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना पापा, वरच्या मजल्यावरच्या बाईंना काही नाही.

तुमची हट्टी,
भावजय

ता. क. तुमचे निरोप संपले. जुने पुन्हा ऐकून उपयोग होत नाही, कारण माझी उत्तरं आता तयार असतात आणि मन मोकाट सुटून हाताकडे जातं. तरी नवे पाठवावेत. प्रत्येकी किमान वीस मिनिटं, मध्ये चहा न पिता. विषय सुचवायचं धाडस करत नाही, पण माझ्या माहेरचं अजून बरंच बाकी आहे.

ता. क. दुसरा. सातव्या निरोपासारखा मात्र पाठवू नका. त्यात तेराव्या मिनिटाला तुम्ही मध्येच म्हणता, "तिला सांगू नकोस, पण तिचा हात वाचू दे रे. त्या घरात कामाचा हात तेवढा एकच." त्या दिवशी मी रडले, सगळं लक्ष गेलं, आणि दुखणं नऊ झालं. असलं काही म्हणायचंच असेल तर समोर येऊन म्हणा.

ता. क. तिसरा. मंगळवारी उरलेली दोन बोटं जोर लावून सरळ करणार आहेत. पाऊण तास लागेल. आत एक नातेवाईक चालतो. तुमचे बंधू एकदा आले होते, तेव्हा त्यांनाच एका रिकाम्या खाटेवर आडवं करावं लागलं. म्हणून कागदावर मी तुमचं नाव दिलं. नात्यासमोर 'नणंद' पाहून सिस्टरनी विचारलं, "धीर देणारं माणूस हवं असतं, नक्की ना?" मी म्हटलं, नक्की. वन्सं, मला फार भीती वाटते आहे. ओरडायला का होईना, पण या.