शिंप्याच्या बिलांचा फर्मा

१२ जानेवारी

प्रिय भाऊजी,

नमस्कार आणि आशीर्वाद दोन्ही पाठवते आहे. वयानं तुम्ही मोठे, नात्यानं मी, तेव्हा जे हवं ते ठेवून घ्या. इकडे सगळं ठीक. गुडघा त्याच्या मर्जीनं चालतो, मी त्याच्या मागून.

बातमी अशी की तुमच्या पुतण्याचं लग्न ठरलं. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी, वाचनालयाच्या सभागृहात. माणसं मोजकीच. मुलगी एका कचेरीत घरांचे नकाशे काढते. पहिल्यांदा आपल्याकडे आली तेव्हा चहाला उकळी फुटायच्या आत तिनं विचारलं, "काकू, खालच्या प्रेसचं दार कुठून उघडतं?"

चिरंजीव म्हणाले, "अगं, तिथे नुसती धूळ आहे."

"मला धूळ चालते. तू चालतोस ना?"

मला ती तिथेच आवडली.

खाली गेल्यावर ती खूप वेळ भिंतीसमोर उभी होती. तुमच्या दादांनी आपण छापलेल्या लग्नाच्या प्रत्येक कार्डाचा एक नमुना भिंतीला लावून ठेवलेला, तुम्हाला आठवत असेलच. वेलींची चौकट, मधोमध लांब शेपट्यांची ती नाजूक अक्षरं, खाली दोन पाखरं. तिनं एकेका कार्डावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "अक्षरं कागदात रुतलीत. हाताला लागतात." मग माझ्याकडे वळून, "काकू, आमचं कार्ड असंच हवं. इथेच छापायचं, आणि मी छापणार."

चिरंजीवांना घाम फुटला. "मी तर मोबाईलवर सगळ्यांना पाठवणार होतो. एका बोटाचं काम!"

"मग त्या बोटाशीच लग्न कर."

तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी पोरगी सकाळीच येते. भाऊजी, तिचं कौतुक करावं तेवढं थोडं. कुठल्या अक्षराचा शिशाचा खिळा खणातल्या कुठल्या घरात राहतो याचा तिनं चक्क नकाशा काढला, जसा ती इमारतींचा काढते. आरशातल्यासारखी उलटी अक्षरं वाचायला मला पहिलं वर्ष गेलं होतं, ती आत्ताच अडखळत का होईना, पण वाचते. खिळ्यांचा एक खण हातून सटकला तेव्हा तिनं अशी शिवी दिली की तुम्ही असता तर पाठ थोपटली असती. आणि मग फरशीवर बसून एकूणएक खिळा वेचला. रॉकेलनं हात धुताना नाक मुरडत नाही. कुठल्याही गोष्टीला हात लावण्याआधी विचारते.

मी तिला सांगितलं की मी वाचायला शिकले ती याच खोलीत, तुम्हा दोघा भावांनी काढलेल्या प्रुफांवर. पहिलं वाचन खोकल्याच्या औषधाचं लेबल. पहिली कादंबरी तर मी मोठ्या कागदाच्या एकेका बाजूनं वाचली, आज पान एक, चार, पाच, आठ आणि मधली पानं उद्या. खून आज, खुनाचं कारण दुसऱ्या दिवशी. ती हसून हसून लोळली. म्हणाली, "काकू, मग जेवणाच्या टेबलांवर गोष्टी ठेवू या. प्रत्येक पाहुण्याच्या ताटाशी एक छोटं कार्ड, त्यावर त्या माणसाबद्दल एकच ओळ. तुम्ही लिहायची, मी छापायची."

एवढी मोठी जबाबदारी माझ्यावर अजून कुणी टाकली नव्हती.

आता कामाचं. ट्रेडल मशीनचे शाईचे रोलर कडक झालेत, बोट दाबलं तर खूण उठत नाही. नवे टाकावे की जुने काही करून जागे होतील? आणि पाय मारायचा पायटा फिरताना मधेच अडकतो. तुम्ही ते मशीन जसं ओळखता तसं दुसरं कुणी ओळखत नाही, म्हणून विचारते.

मशीन चालवायचं तर मशीनवर जे आहे ते काढावं लागेल. त्याबद्दल आज लिहीत नाही.

तुमची वहिनी


९ फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,

तुमचं पत्र मिळालं. रोलरवर दीड पान, स्वतःवर एक ओळ, तीही "मी मजेत". बरं, असू दे. तुम्ही सांगितलेल्या माणसाकडून रोलर भरून आणले. पायट्याच्या खोबणीत साबणाचा तुकडा घासायला सांगितलात, तो घासला. पायटा आता लोण्यासारखा फिरतो. पोरगी म्हणते, "तुमचे दीर डॉक्टर व्हायला हवे होते." मी म्हटलं, "डॉक्टर पेशंटला भेटायला येतात."

हे लिहायचं नव्हतं, पण खोडत नाही.

कार्डाचा मजकूर पक्का झाला. तिनं दोन्ही घरच्या मोठ्यांना विचारून एकेक शब्द घासूनपुसून घेतला. कागद फिकट, साईच्या रंगाचा, कडा हातानं फाडलेल्या. पट्टी धरून ओल्या बोटानं रेघ ओढायची आणि मग फाडायचं, हे तिचं तिनंच शोधून काढलं. प्रत्येक पाकिटावरचं नाव ती टाकानं लिहिणार आहे. त्यासाठी महिनाभर रोज जेवल्यावर गिरवते आहे, शाळेतल्या पोरीसारखी, जीभ दाताखाली धरून.

एका गोष्टीला मी तिला नाही म्हटलं. तिची कल्पना होती की सभागृहात पहिल्या रांगेत तुमच्या दादांची एक खुर्ची रिकामी ठेवावी, त्यावर फुलं. हल्ली तशी पद्धत आहे म्हणे. मी म्हटलं, "नको गं. रिकामी खुर्ची मी घरी रोज बघते. लग्नात मला भरलेल्या खुर्च्या बघायच्यात." तिला वाईट वाटलं असेल, पण चेहरा पडला नाही. नुसती म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. मला कळलं नसतं." भाऊजी, चूक दाखवल्यावर असं म्हणणारी माणसं मी फार बघितली नाहीत. आपल्या घरात तर एकही नाही.

आता ते दुसरं.

कार्डासाठी हवीत ती लांब शेपट्यांची अक्षरं. त्यांचा आपल्याकडे एकच संच, आणि तो जवळजवळ सगळा मशीनवरच्या फर्म्यात अडकलेला आहे. तुमच्या दादांनी शेवटचा जुळवलेला, लोखंडी चौकटीत आवळलेला. लोकांना वाटत असेल, काय मोठं असेल त्यात. कोपऱ्यावरच्या शिंप्याची बिलं! त्याला राजवाड्यातून आल्यासारखी बिलं हवी होती, म्हणून दादांनी घरातले सगळ्यांत सुंदर खिळे काढले. वर एका दाबात चार बिलं निघावी म्हणून तोच मजकूर चारदा जुळवला. चार वेळा "कापड आटल्यास दुकान जबाबदार नाही", नक्षीदार अक्षरांत.

ती दुपार तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही, पण आपण दोघं कधी बोललो नाही. त्यांनी फर्मा मशीनवर बसवला. तुम्ही पायट्यावर पाय ठेवून उभे होतात, ते "चालव" म्हणायची वाट बघत. ते म्हणाले, तोंडावर पाणी मारून येतो, आणि जिना चढून वर आले. पुढचं माझ्यासमोर झालं. तुम्ही बराच वेळ खाली तसेच उभे होतात, पाय पायट्यावर. मी हाक मारायला आले तेव्हा पाहिलं.

चौदाव्या दिवशी तुम्ही बॅग भरलीत. म्हणालात, "वहिनी, तो फर्मा कुणी सोडायचा नाही. दादानं 'चालव' म्हटलेलं नाही अजून." मी मान हलवली. चार वर्षं मी त्याच्यावरची धूळ झटकते, पण चौकट सैल करायची किल्ली लावलेली नाही. मलाही तो तसाच हवा होता. कुणी विचारलं तर मी तुमचं नाव पुढे करायचे, हेही खरं.

पोरीला मी यातलं काही सांगितलेलं नाही. तिनं फर्मा बघितला, खिळे ओळखले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आपण दुसरा टाइप घेऊ, काकू. साधा पण छान दिसेल." विचारलंदेखील नाही.

म्हणून मी तुम्हाला विचारते. सोडू का?

वाट बघते आहे.

तुमची वहिनी


३ मार्च

प्रिय भाऊजी,

तुमचं उत्तर आलं. "हात लावू नका." एवढंच, खाली सहीही नाही.

मी ते पत्र दोन दिवस फडताळात ठेवलं. मला राग आला नाही, हे आधी सांगते. तुम्ही 'हो' म्हटलं असतंत तर कदाचित मीच पाय मागे घेतला असता. तुमचं 'नाही' वाचलं आणि तुम्ही मला दिसलात, तसेच, पाय पायट्यावर. चार वर्षं कुणी असं एका पायावर उभं राहतं का हो?

मग मी पोरीला सगळं सांगितलं. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "काकू, पण त्या शिंप्याची बिलं?"

मी म्हटलं, "त्यांचं काय?"

"ती त्यांना मिळाली का?"

भाऊजी, हे तुमच्या डोक्यात कधी आलं होतं? माझ्या नाही. आपण दोघांनी त्या फर्म्याचं देऊळ केलं. तो जुळवणाऱ्या माणसानं तर गिऱ्हाइकाच्या घाईपायी जेवण टाकलेलं मी किती वेळा बघितलंय. शिंप्याला बिलं हवी होती, म्हणून तो फर्मा जुळला होता.

मी तो सोडला नाही, आधी छापला.

पोरीनं शाई लावली. पहिलं प्रूफ मी वाचायला घेतलं, खिडकीशी, नेहमीच्या जागी. ओळ न् ओळ, चारही बिलं, बोट ठेवून. एकही चूक नव्हती. मी एखादी तरी शोधत होते, वर नेऊन त्यांच्या फोटोपुढे धरली असती आणि बोलले असते त्यांना. प्रूफ भिजलं, दुसरं काढावं लागलं.

मग ती पायट्यावर पाय ठेवून उभी राहिली आणि माझ्याकडे बघायला लागली. तिला कुणी सांगितलं नव्हतं असं बघायला. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मी म्हटलं, "चालव."

आवाज अजून तोच आहे मशीनचा. वरच्या खिडकीची काच तशीच थरथरते.

गठ्ठा बांधून दोघी शिंप्याकडे गेलो. तो म्हातारा झालाय, दुकानही गल्लीच्या दुसऱ्या टोकाला नेलंय, म्हणजे बिलांवरचा पत्ता चुकीचा. मी म्हटलं, "उशीर झाला, माफ करा." त्यानं एक बिल उजेडात धरलं, अंगठ्यानं चाचपलं. म्हणाला, "वहिनी, उशिराबद्दल शिंप्यानं कुणाला बोलायचं नसतं." मग चष्मा काढून पुसत बसला. निघताना म्हणाला, पत्ता तो पेनानं खोडून नवा लिहील, पण गिऱ्हाइकाला हीच बिलं देईल. आणि तसं केलंय त्यानं, शेजारीण परवाच ब्लाउज घेऊन आली, तिच्या हातात मी बिल बघितलं.

घरी येऊन मी किल्ली लावली. गंज होता, तेलाचे थेंब सोडून थांबावं लागलं. मग चौकट सैल झाली आणि आपण काम झाल्यावर करायचो तसं, एकेक खिळा त्याच्या त्याच्या घरात टाकला. भाऊजी, हाताला कामच कळत होतं, बाकी काही नाही. पोरगी शेजारी बसून टाकत होती आणि चुकीच्या घरात पडला की स्वतःलाच टपली मारत होती. खण भरले तेव्हा चिरंजीव खाली आले. बापाच्या स्टुलावर बसले. मग होणाऱ्या बायकोला म्हणाले, "मला पण एक ओळ जुळवू दे." तीन शब्दांत दोन चुका. बापाचं काहीच घेतलं नाही त्यानं, नाक सोडून.

कार्डं छापायला सुरुवात झाली आहे. काळा रंग उतरलाय, अगदी भिंतीवरच्या नमुन्यांसारखा, अक्षरं बोटाला लागतात. आता लाल चढवायचा आहे, पाखरांवर आणि नावांवर. लाल नेमका काळ्याच्या चौकटीत बसायला हवा, केसभर इकडेतिकडे झालं तर कार्ड फुकट. ते तुमचं काम होतं. पोरीला जमणार नाही असं लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहू? काल तिनं रद्दी कागदावर घेऊन बघितला आणि चांगला बसवला. तिला जमेल. मीच थांबवलंय तिला. काळी कार्डं दोरीवर वाळत आहेत, लाल शाईचा डबा बंद आहे.

मी तुमचा शब्द मोडला. तुम्हाला राग येईल, यायलाच हवा. तो मी ऐकून घेईन, पुरता, मधे न बोलता. मात्र तो पोस्टानं पाठवू नका. स्वतः घेऊन या.

थांबले आहे.

वहिनी