वाटेत गेलेल्यांची नोंद

प्रिय धाकट्या,

छकुलीला दात आले म्हणे. आई सांगत होती, हाताला लागेल ते चावते. तू मात्र काहीच कळवत नाहीस. लहानपणी गुडघा फुटला तरी पँट खाली ओढून मुकाट जेवायला बसायचास, तसाच अजून आहेस.

तुला न सांगता मी गावात येऊन गेले. खात्यानेच पाठवलं होतं. गावोगावचे लहान दवाखाने बंद करून सगळं शहरातल्या मोठ्या रुग्णालयात नेलं, त्या धोरणाने काय साधलं ते तपासायचं काम माझ्याकडे आलंय. तुझ्या घरावरून दोनदा गेले. दोरीवर छकुलीची झबली वाळत होती. दार वाजवायचा धीर झाला नाही.

दवाखान्याच्या दाराला साखळी आहे. बाळंतपणाच्या खोलीत मोडक्या खुर्च्या रचून ठेवल्यात. समोरच्या औषधवाल्याने गाशा गुंडाळला, तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. फाटकाशी खासगी गाड्या उभ्या असतात आणि पेशंट जितका अत्यवस्थ तितकं भाडं चढतं. आमच्या कागदांत याला बाजारपेठेची वाढ म्हणतात. जुनी सिस्टर कापडाच्या दुकानात ब्लाउजची मापं घेते. माझा हात धरून म्हणाली, कुणाचं पोट दिसलं की हात शिवशिवतात गं, पण करू काय?

शहरातल्या रुग्णालयाचे आकडे मात्र झकास. बाळंतपणात दगावणाऱ्या बायका निम्म्यावर आल्यात. साहेब खूश होते. मला ते काही पटेना. गावातून निघालेल्या सगळ्या पोचतात का, असं मी रुग्णालयात विचारलं, तेव्हा कारकून सहज बोलून गेला, जिवंत आत येईल त्याचीच नोंद करतो आम्ही. बाकीच्यांना रुग्णालयाच्या फाटकावरूनच परत पाठवतात. वाटेत गेलेलं माणूस दवाखान्याच्या हिशेबात नाही आणि अपघात नाही म्हणून रस्त्याच्याही नाही.

मग मी गाडीवाल्यांशी बोलत बसले. त्यातला एक मिशाळ मामा सांगत होता, मी कोण ते त्याला ठाऊक नव्हतं. म्हणाला, चढावर गाडीतच एका बाईला मुलगी झाली. रडली, तिचं बरं होतं. पण बाईचं रक्त थांबेना. नवरा तिचं डोकं मांडीवर घेऊन, आलंच हं, आलंच, म्हणत होता. ती गप्प झाल्यावरही म्हणतच होता. मी आरसा वळवून ठेवला ताई, म्हणाला, मागे बघवेना. त्याने दिवस सांगितला, तो छकुलीच्या जन्माचा होता.

धाकट्या, तू आम्हाला सांगितलं होतंस की रुग्णालयात डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले. आईला तेवढाच आधार वाटतो. आपली बडबडी, दोन मिनिटं गप्प बसायची नाही, ती त्या गाडीत तुझ्या मांडीवर गप्प झाली आणि तू ते एकट्याने गिळलंस. त्या फाटकावरून तिला घेऊन तू परत कसा आलास, हे मला विचारवत नाही.

हे पत्र लिहायचं कारण आता सांगते. वाटेत गेलेल्या बायकांवरचं प्रकरण अहवालातून काढा, असं साहेब म्हणतात. त्यांना एकट्याला मी खरं काय ते सांगितलं, तर तुमच्या घरातलं माणूस आहे, तुम्ही वाहवत गेलात, असंही म्हणाले. पुढच्या आठवड्यात समितीपुढे जाहीर सुनावणी आहे. ती माझी भावजय होती, हे मी तिथे उभी राहून सांगणार आहे. नोकरीचं काय व्हायचं ते होवो. पण आधी ती तुझी बायको होती. हे सांगितलं की आईला कळेल, गावाला कळेल, पुढे कधीतरी छकुलीलाही कळेल, ती कुठे जन्मली आणि तिची आई कशी गेली. म्हणून तुला विचारते, सांगू ना? नको म्हणालास तर तिच्याबद्दल एक अक्षर बोलणार नाही. मग सरकारदरबारी त्या चढावर कोणी गेलंच नव्हतं, असं राहील.

तुझीच,
ताई