घोडबंदरच्या किल्ल्यात गायले

इंद्रलोक, भाईंदर
रविवार

ती. आईस,
नीलिमाचा वाकून नमस्कार.

आधी आनंदाचं सांगते. काल घोडबंदरच्या किल्ल्यात आमच्या गानवृंदाचा कार्यक्रम झाला आणि मी गायले. मोठ्याने गायले, आई.

थायरॉइडच्या ऑपरेशननंतर घसा जरा बसलाय, एवढंच तुला सांगितलं होतं. खरं तर चार महिने माझा सूरच लागत नव्हता. तालमीत मी नुसते ओठ हलवायचे. तू काळजी करशील म्हणून बोलले नाही. रागावू नकोस.

हे फक्त रुथबाईंनी ओळखलं होतं. त्या उत्तनच्या, लहानपणापासून चर्चमध्ये गाणाऱ्या. वृंदात माझ्या शेजारीच उभ्या असतात. काल सुरुवात होण्याआधी हळूच म्हणाल्या, "बाय, आवाज फाटला तर फाटू दे. मी बाजूला हाय."

पहिलं कडवं तसंच गेलं. दुसऱ्याला मी डोळे मिटून सूर लावला. आधी खरखरीत निघाला, मग मोकळा झाला. दगडी भिंतींवरून तो परत कानावर आला तेव्हा हा माझाच आवाज, हे पटेना. रुथबाईंनी हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

संध्याकाळी घसा अजून दुखतो, पण डॉक्टर म्हणतात, तेही जाईल. तुझा गुडघा कसा आहे? बाबा गोळ्या वेळेवर घेतात ना?

ह्यांनी रेकॉर्ड करायला मोबाइल धरला होता, पण ऐकता ऐकता बटण दाबायचंच विसरले. त्यामुळे दिवाळीत घरी आले की तुझ्यासमोर बसूनच म्हणेन.

तुझी,
नीलू