घडीवालीच्या डोक्यावरची पट्टी

"माणसाच्या हातात तलवार दिलीस ना, मग त्याला मारायला काहीतरी दे," असं माझा भागीदार मला बारा वर्षांपूर्वी म्हणाला. त्याला सगळे शेठ म्हणतात, कारण आम्ही व्हिडिओ गेमचा स्टुडिओ सुरू केला तेव्हा त्याच्याकडे एक खुर्ची होती आणि बाकीच्यांकडे तीही नव्हती. त्या वाक्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. या कागदाचा बराचसा भाग त्या रागापायीच लिहिला जातो आहे, हे वाचणाऱ्याने आधीच समजून घ्यावं.

मी, खाली सही करणारी, वय शेहेचाळीस, अविवाहित, धंदा गेममधली डन्जन रचण्याचा, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणीही भरीस घातलेलं नसताना, माझ्यामागे माझ्या वस्तूंचं आणि हक्कांचं काय व्हावं ते इथे लिहून ठेवते. हृदयाची झडप बदलायची आहे. सर्जन म्हणतात, काळजीचं कारण नाही, पण कागदपत्रं लावून ठेवा. धाकटी बहीण म्हणते, "अभद्र काहीतरी लिहीत बसू नकोस." वकीलबाई म्हणतात, लिहा, पण मुद्द्याचं लिहा. तिघांचंही थोडं थोडं ऐकलं आहे.

ज्यांनी आयुष्यात कंट्रोलर हातात धरलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या गेममध्ये एक मोठं मोकळं जग असतं, त्यात खेळणाऱ्याने हवं तिकडे भटकावं. मधेमधे बंद जागा असतात, त्यांना डन्जन म्हणतात. आत शिरायचं, एकेक खोली सोडवायची, आणि शेवटच्या खोलीत कोणीतरी बलाढ्य बसलेलं असतं, तो बॉस. चांगल्या डन्जनमधली प्रत्येक खोली त्या शेवटच्या खोलीची तयारी करून घेते. भिंतीवर काही लिहावं लागत नाही. लिहावं लागलं तर समजावं, रचणारीला काम जमलं नाही.

कलम १. तिसऱ्या मजल्यावरची माझी दोन खोल्यांची जागा सामानासकट धाकट्या बहिणीला द्यावी. दार अडकतं, खांद्याने ढकलावं लागतं. ती दर वेळी म्हणते, "ताई, तुझ्या घरात शिरायचं म्हणजे एक लेव्हलच आहे, आणि बक्षीस काय, तर बिनसाखरेचा चहा." दार दुरुस्त करायला माझी हरकत नाही. पण कपाट दारासमोर आणू नये. दारातून खिडकी दिसली पाहिजे. कुठे पोचायचंय ते आधी दिसलं की वाट वळली तरी माणूस वैतागत नाही. पोटासाठी मी इतकी वर्षं हेच केलं. शेठच्या मीटिंगमध्ये ते कोणाला पटलं नाही, निदान माझ्या घरात तरी राहू दे.

कलम २. इस्पितळाचं भागवून बँकेत जे उरेल ते तिलाच. त्यातून तिने आधी दात करून घ्यावेत. दोन वर्षं टाळते आहे.

कलम ३. रचना आधी हाताने करून बघायला बनवलेली पुठ्ठ्याची सगळी डन्जन, कात्र्या, सरस आणि माझं काम करायचं टेबल स्टुडिओत लेव्हल रचणाऱ्या दोघी नव्या मुलींना द्यावं. आंबटगोड गोळ्यांचा पत्र्याचा डबाही. तो कशासाठी, हे त्यांना माहीत आहे, तरी लिहिते. परका माणूस आपली लेव्हल पहिल्यांदा खेळतो तेव्हा आपण त्याच्या मागे बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. तो भलत्याच भिंतीवर डोकं आपटत असतो, दार त्याच्या डाव्या हाताला असतं, आणि आपला जीव नुसता खालीवर होत असतो. अशा वेळी तोंडात गोळी ठेवावी. आपल्याला रस्ता पाठ असतो म्हणून तो सोपा वाटतो, ही चूक या धंद्यातले सगळे करतात. मुलींनो, तुमचीही होईल. ज्याला गप्प बसवत नाही त्याने खोलीबाहेर उभं राहावं. शेठ बाहेर उभा राहायचा, पण दार उघडं ठेवून.

कलम ४. या कलमात देण्यासारखं काही नाही, म्हणून वकीलबाईंनी ते गाळायला सांगितलं. मी गाळणार नाही.

माझी आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती. तिथे दिवसभर चादरी. मोठ्या चादरीची घडी एकटीनेही होते, पण आईला तशी घडी चालत नसे. शाळा सुटली की मी जायची आणि समोरचं टोक धरायची. आमच्यात जे काही बोलणं झालं ते बहुतेक चादरीच्या दोन टोकांना उभं राहून झालं. रागावली की ती अबोला धरायची. मग समजावून, रडून, पाय आपटून काही होत नसे. गुपचूप टोक उचलायचं. चारदोन चादरी झाल्या की पलीकडून यायचं, "जेवलीस का?"

शेठ एकदा मला न्यायला तिथे आला. आईने त्याच्याही हातात टोक दिलं.

"ओढू नकोस रे, नुसतं धर."

"मावशी, धरलंच आहे की."

"धरलंयस कुठे? भांडतोयस चादरीशी."

तो हसला, मीही हसले. घडी वाकडी आली. आईने ती उलगडली आणि त्याला पुन्हा करायला लावली. परत येताना तो म्हणाला, "तुझी आई म्हणजे बॉस आहे, बॉस." तेव्हा आमचा पहिला गेम अर्धाही झाला नव्हता.

त्या गेममधलं शेवटचं डन्जन मी पाण्याकाठच्या एका बंद पडलेल्या शिडांच्या कारखान्यात रचलं. त्यात एकही शत्रू नाही. पहिल्या खोलीत दोराचं एक टोक जमिनीवर पडलेलं असतं. ते उचललं की भिंतीपलीकडून कोणीतरी दुसरं टोक ताणतं आणि दार वर जातं. पुढे एक लांब कापड आहे, टोक धरून उभं राहिलं की त्याचा पूल होतो. प्रत्येक खोली हेच शिकवते: टोक धर, पलीकडे कोणीतरी आहे. शेवटच्या खोलीत घडीवाली. डोंगराएवढी बाई, हातात जहाजाचं शीड. ती घडी घालायला बघते, समोरचं टोक निसटतं, ती पुन्हा उचलते. तिच्यावर तलवार चालवली तर शीड फाटतं. मग ती खाली बसते, ठिगळ लावते आणि पहिल्यापासून सुरू करते. टोक धरलं तर घडी पूर्ण होते, ती उठते, आणि तिच्या मागचं दार मोकळं होतं.

आई गेली त्या आठवड्यात मी रजेवर होते. परत आले तर घडीवालीच्या डोक्यावर लाल पट्टी होती.

गेम खेळणाऱ्याला ही पट्टी कळते. ती शत्रूच्या जीवाची असते. घाव घातला की कमी होते, संपली की शत्रू मेला. शेठने अशी सोय केली होती की शीड फाटलं की पट्टी थोडी उतरावी आणि ठिगळ लागलं की परत भरावी. म्हणजे मारणाऱ्याला वाटत राहावं, आता जमेल, आता जमेल. सगळं डन्जन सांगतं मारू नकोस, आणि ती एक बोटभर पट्टी सांगते मार. लोक कोणाचं ऐकणार?

"टेस्टला आलेली माणसं खोलीत यायची, उभी राहायची आणि निघून जायची," शेठ म्हणाला. "पट्टी लावली तशी थांबायला लागली."

"थांबून काय करतात?"

"मारतात. पण थांबतात ना."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि माझा वैताग नेमका तिथेच आहे. खोटं असतं तर त्याच वर्षी भांडण मिटलं असतं. मी म्हणाले, खोल्या अजून नीट रचते, मला एक महिना दे. तो म्हणाला, महिना नाही. तलवारीचं वाक्य त्याने तेव्हाच ऐकवलं. घडीवाली कोण आहे ते त्याला माहीत होतं. तिने त्याला दोनदा घडी घालायला लावली होती.

गेम चालला. लोकांनी तासन्‌तास तिला मारलं, मग शिव्या दिल्या. बेइमान बॉस, अर्धवट बॉस, जिने हा बॉस केला तिने आयुष्यात कधी गेम खेळला नसावा. पुढे कोणीतरी टोक धरायचं उत्तर व्हिडिओत टाकलं आणि सगळे ते बघून धरायला लागले. सांगितलं म्हणून धरलं. यापेक्षा मारलेलं बरं, असं मला कित्येकदा वाटलं.

धाकटीने गेम कधी खेळला नाही. एकदा माझ्याकडे पडद्यावर ती खोली उघडी होती. ती म्हणाली, "अगं, ही तर आई." मग कंट्रोलर उलटासुलटा धरून, "टोक धरायचं बटण कुठलं?" मी तोंडात गोळी टाकली. तिने सगळी बटणं दाबून बघितली आणि धरलं. घडी पूर्ण झाल्यावर म्हणाली, "आणि हिच्या डोक्यावर हे काय लटकवलंय?"

कलम ५. आमच्या करारानुसार या डन्जनमध्ये बदल करायला किंवा ते नव्या आवृत्तीत घालायला माझी सही लागते. ज्यांवर हा गेम चालतो ती जुनी मशीन आता मिळत नाहीत. नव्या मशीनसाठी आवृत्ती निघाली नाही तर काही वर्षांनी हा गेम कोणालाच खेळता येणार नाही. शेठ दर वर्षी कागद पाठवतो. पट्टी काढतोस का, असं मी दर वर्षी विचारते. काढत नाही, म्हणून मी सही करत नाही. या आवृत्तीत तर त्याला वाट दाखवणारा बाणही घालायचा आहे. असं आम्ही दोघांनी मिळून घडीवालीला मरणाच्या दारात आणून ठेवलं आहे.

वकीलबाईंचा सल्ला, सहीचा हक्क बहिणीला द्या. बहीण एका पायावर तयार. "मी मेले तरी सही करायची नाही, ताई. त्या शेठला म्हणावं, ये माझ्याशी भांडायला."

मला माहीत आहे पुढे काय होईल. ती एक टोक ओढेल, तो दुसरं ओढेल, दोघं कोर्टात जातील, आणि माझ्या आईचं शीड मधोमध फाटेल. अडवून अडवून बारा वर्षांत मला काय मिळालं? पट्टी आहे तिथेच आहे. माझी झडप तेवढी गेली.

तर या कलमाने मी तो हक्क, कोणतीही अट न घालता, शेठला देते. त्याला हवी तशी आवृत्ती त्याने काढावी. धाकटीने यावरून त्याच्याशी किंवा माझ्या फोटोशी भांडू नये. वकीलबाईंनी मला तीनदा विचारलं, "नक्की?" चौथ्यांदा त्यांनी चष्मा काढून विचारलं. नक्की.

कलम ६. माझ्या शोकसभेत "तिने आपल्याला अडवलं आणि घडवलं" असं कोणी बोलू नये. शेठ बोलायला जाईल, म्हणून आधीच लिहिलं.

कलम ७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. "मूर्ख" हा शब्द त्यांनी कच्च्या मसुद्यातून चार ठिकाणी काढला, त्याबद्दल आभार.

हे सर्व मी स्वतः वाचलं, मला समजलं, मला मान्य आहे. सही माझी, दोघा साक्षीदारांसमोर केलेली. त्यांनीही माझ्यासमोर आपापली केली.

साक्षीदार पहिला: स्टुडिओतला आवाजवाला. घडीवालीच्या शिडाचा आवाज याने ओली ताडपत्री झटकून काढला होता. (सही)

साक्षीदार दुसरी: खालच्या मजल्यावरच्या शिक्षिका. यांनी आत काय लिहिलंय ते विचारलं नाही. (सही)

ठिकाण: राहतं घर, स्वयंपाकघरातलं टेबल. दिनांक: ९ मार्च, मंगळवार, दुपार.

सह्यांच्या खाली लिहिलेल्याला कायद्यात काही वजन नाही, असं वकीलबाई म्हणतात. म्हणूनच हे इथे लिहिते.

शेठ, आता सही तुझी, गेम तुझा. तुला अडवायला कोणी नाही. बाण घाल हवा तर, मी काही म्हणणार नाही. ती पट्टी मात्र काढ. लोक खोलीत येतील, उभे राहतील आणि निघून जातील, असं तू म्हणशील. जातील, बरेचसे जातील. जाऊ दे त्यांना. तेवढ्यासाठी तिला मार खात बसवू नकोस. तू नाहीच म्हणणार, मला ठाऊक आहे. तरी विचारते, काढशील?