न दाबलेलं बटण

प्रिय मालक,

हसू नका. उभ्या संसारात तुम्हाला पहिल्यांदाच 'प्रिय' लिहितेय आणि कान गरम झालेत. पण तोंडावर बोलायला गेलं की तुम्ही हसण्यावारी नेता, मी रडते आणि विषय तिथंच संपतो. म्हणून हा कागद.

जाळं ओढताना होडीत तुम्हाला चक्कर आली, तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. बारामतीला नेलं, छातीची ती ईसीजीची पट्टी काढली, तर ती अगदी साफ. लगेच तुमचा मिशीला पीळ! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दवाखान्यात पोचेपर्यंत ठोके ताळ्यावर आलेले असतात, त्यांच्यावर दिवसभर पहाराच हवा. म्हणून ते डबीएवढं मशीन चोवीस तास छातीला लावलं आणि धडधडलं की बटण दाबा म्हणून सांगितलं.

त्या दुपारी मी समोर बसून तुमच्या अंगठ्याकडंच बघत होते. तुम्ही मला भिगवणच्या बाजारातला चिलापीचा भाव सांगत होता. मधेच गप्प झालात, ओठ पांढरे पडले, आणि पुन्हा चिलापी सुरू. बटण काही दाबलं नाहीत. मशीननं मात्र सगळं टिपलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, झुंबरराव, ठोक्यांची एवढी पळापळ झाली आणि तुम्हाला कळलंच नाही? तर म्हणे, "झोप लागली आसंल." झोपेत मासळीचा भाव सांगणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला! मी घाबरेन म्हणून दाबलं नाहीत, हे काय मला कळत नाही? राग आला, आणि रागाहून जास्त माया आली.

बाईंनी समजावलं ते ऐकलंत ना? हृदयाचे वरचे कप्पे नीट आकसायचे सोडून नुसते थरथरतात, रक्त तिथं साचून गाठ होते, ती मेंदूत गेली तर लकवा. म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी चुकवायची नाही, आणि चक्कर थांबेपर्यंत पाण्यावर एकटं जायचं नाही. तुम्ही "व्हय, व्हय" म्हणालात. काल पहाटे उठून बघते तर कोपऱ्यात वल्हं नाही. तुमची होडी दिसेपर्यंत मी काठावर उभी होते.

आज हे पत्र तुमच्या चपलेत खोचून ठेवलंय. तुम्ही वाचाल तोवर मी होडीत जाऊन बसलेली असेन, तरंगायला ट्रॅक्टरची ट्यूब घेऊन. उतरणार नाही. मला पोहता येत नाही, पण अख्ख्या काठाला ऐकू जाईल असं ओरडता येतं, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? गोळी घ्या आणि या.

तुमचीच,
प्रयाग